दोनशे अनोळखी माणसं

नाचणीची पेज दोनदा गाळून झाली होती, तरी भाचीनं ती मलमलच्या फडक्यातून पुन्हा एकदा गाळायला घेतली. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, दवाखान्याच्या भाषेत राइल्स ट्यूबमधून, जाणाऱ्या पेजेत एवढीशी गुठळीही चालत नाही. पन्नास मिलिलिटरची सिरिंज, कोमट पाण्याचं पातेलं, वेळ लिहायची वही असं सगळं ओट्यावर हाताशी मांडलेलं. मधूनच मोबाइल थरथरायचा आणि ती हात न पुसताच त्याच्याकडे बघून घ्यायची. डोंबिवलीच्या त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली आत्या हे सगळं बघत होती. आजारी भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना, भेटायला ती सांगलीहून आलेली. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून तिची सगळी नोकरी झाली. वॉर्डाबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, हेच तिचं रोजचं काम होतं.

"दादाची पेज होऊ दे की आधी. त्या फोनची एवढी काय घाई?"

"एकीच्या घरी नळी तुंबलीय, आत्या. जालन्याची आहे. तिला सांगितलंय, कोमट पाणी सिरिंजनं हळूहळू आत-बाहेर कर, जोर अजिबात लावू नकोस. नाहीच निघालं तर सरळ दवाखाना गाठ."

"हे सांगणारी तू कोण?"

"मला आमच्या सिस्टरनी शिकवलं. तिलाही कोणीतरी शिकवलंच असेल. पण डिस्चार्जच्या गडबडीत, बिलं भरता भरता, ते डोक्यात राहतं का?"

आत्याला हे पटलं नाही. दोनशे माणसांचा तो व्हॉट्सॲप ग्रुप तिला आल्या दिवसापासून खटकत होता. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांचा ग्रुप. रुग्ण त्यात नाहीत, सांभाळणारेच आहेत. भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे आणि भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यांत जास्त. म्हणजे पेज गाळणारे, गोळ्या कुटणारे, जखमेवरची पट्टी बदलणारे हातही लाखोंनी आहेत. शिकलेल्या नर्सचं काम ते रोज करतात, तेही कोणी रीतसर न शिकवता.

आत्याचा पहिला आक्षेप सरळ होता. "अगं, आजारी माणसाच्या घरात भीती भरलेली असते. भ्यायलेल्या माणसाला काहीही खरं वाटतं. वॉर्डात एखादा अंगारा घेऊन आला तर मला तो डोळ्यांना दिसायचा, मी त्याच्याशी बोलायचे. तुमच्याकडे अंगारा कुठून आला तेच कळत नाही."

ही भीती उगाच नाही. गरम नारळपाण्यानं कर्करोगाच्या पेशी मरतात असा एक संदेश वर्षानुवर्षं फिरत होता आणि त्याखाली नाव होतं टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं. २०१९ मध्ये टाटा मेमोरियलला जाहीर खुलासा करावा लागला की डॉक्टरांनी असं काही म्हटलेलंच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की त्यांच्या पत्नीनं चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगावर मात केली, आणि त्याचं मोठं श्रेय त्यांनी लिंबू, हळद, कडुनिंब अशा आहाराला दिलं. दोनच दिवसांत टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं की याला पुरावा नाही, कोणीही उपचार लांबवू नयेत. पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती, आणि आहार ही उपचारांना जोड होती असं सिद्धूंनीही नंतर स्पष्ट केलं. बायको वाचली याचा नवऱ्याला झालेला आनंद खरा होता. अडचण तिथेच आहे. खोटं बोलणाऱ्यापासून माणूस सावध राहतो, पण प्रेमानं सांगणाऱ्यापासून कसा राहणार?

अमेरिकेत स्कायलर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी स्तन, प्रोस्टेट, आतडं आणि फुफ्फुस या चार कर्करोगांवरचे समाजमाध्यमांत सर्वाधिक फिरलेले २०० लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. जवळजवळ एक तृतीयांश लेखांत चुकीची माहिती निघाली. अशा चुकीच्या लेखांपैकी चारातले तीन रुग्णाला अपाय करू शकतील असे होते, आणि लोक त्यांनाच जास्त प्रतिसाद देत होते.

भाचीनं यातलं काहीच नाकारलं नाही. फक्त ग्रुपचे नियम उघडून आत्यापुढे धरले. ज्या संदेशावर दोन बाणांची खूण असेल, म्हणजे जो पुष्कळदा पुढे ढकलला गेलाय, तो वाचायच्या आधीच काढून टाकायचा. औषधाचा डोस कोणी कोणाला सांगायचा नाही. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर ग्रुपमध्ये विचारत बसायचं नाही, रात्र असली तरी दवाखान्यात जायचं. ‘मॉर्फिन लावलं म्हणजे संपलं’ असं लिहिणाऱ्याला एकदा समज, दुसऱ्यांदा बाहेर.

"शेवटचा नियम कोणी घातला?" आत्यानं विचारलं.

"अमरावतीचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी बायकोला मॉर्फिन द्यायला उशीर केला होता. तिला व्यसन लागेल म्हणून."

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाचं औषध घरच्यांनी भीतीपोटी रोखून धरलेलं तिनं किती वेळा पाहिलं असेल, तिलाच ठाऊक.

"नियम चांगले आहेत," ती म्हणाली. "पण ते मास्तर आहेत तोवर. ते थकले की?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपना त्याचं उत्तर सापडलेलं नाही. न्यूयॉर्कची ‘कॅन्सरकेअर’ ही १९४४ पासून काम करणारी संस्था कर्करोगाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी ऑनलाइन गट चालवते. ते विनामूल्य असतात, पासवर्डच्या आड असतात, ठरावीक आठवडे चालतात, आणि प्रत्येक गटाला कर्करोगाच्या क्षेत्रातला प्रशिक्षित समाजकार्यकर्ता असतो. म्हणजे आत्यासारखंच कोणीतरी. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केली, तेव्हापासून तिथेही स्वयंसेवक आधी शिकून मग रुग्णांसमोर बसत आले. भल्या माणसाच्या खांद्यावर दोनशे घरांचं ओझं टाकून त्याला एकट्याला सोडणं बरोबर नाही, मग तो खांदा वॉर्डातला असो की फोनमधला.

भाचीच्या बाजूनं बोलणारा एक भक्कम पुरावाही आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी फुफ्फुसाचा बळावलेला कर्करोग असलेले रुग्ण आणि त्यांना सांभाळणारं घरचं माणूस अशा २८५ जोड्या घेतल्या. निम्म्यांना इंटरनेट आणि चांगल्या संकेतस्थळांची यादी दिली. उरलेल्यांना ‘चेस’ नावाची व्यवस्था दिली. तीत नेमकी माहिती होती, आपल्यासारख्याच इतरांशी बोलायची जागा होती, तज्ज्ञाला प्रश्न विचारता येत होता आणि रुग्णाचा त्रास डॉक्टरांपर्यंत पोचवायची सोय होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर ‘चेस’ वापरणाऱ्यांना जाणवणारं ओझं कमी होतं आणि मनही कमी खचलेलं होतं. नुसतं इंटरनेट हातात देऊन ते साधलं नाही. आत्याला आवडेल अशी ओळही त्याच अभ्यासात आहे: रोजच्या आयुष्याची झालेली विस्कटाविस्कट दोन्ही गटांत जवळपास तेवढीच राहिली.

"मला माहितीचं कौतुक नाही," भाची म्हणाली. "माहिती तर हवीच. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्याला पाऊण सवलत, हे मला ग्रुपमध्येच कळलं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर समितीचं रुग्णसेवा सदन, तिथे कुठली कागदं न्यायची, हेही. पण हे सगळं तूही सांगितलं असतंस."

"सांगायचेच. भिंतीवर कागद लावून ठेवायचे."

"हो ना. मला ज्यासाठी ग्रुप लागतो ते वेगळं आहे."

"तेच मला खुपतंय." आत्यानं आवाज खाली आणला, कारण आतल्या खोलीत भाऊ पडून होता. "आजार फुफ्फुसात गेलाय हे दादाला सांगितलेलं नाही. तू आणि तुझ्या भावानं ठरवलंत, मी तोंडातून शब्द काढला नाही. पण तू तो रिपोर्ट फोटो काढून तिथे टाकलास. वर नाव, वय, फाइल नंबर. ज्याचं शरीर त्याला पत्ता नाही, आणि दोनशे अनोळखी माणसांना सगळं माहीत."

"नाव झाकलं मी."

"कधी?"

"मास्तरांनी सांगितल्यावर."

पेज निथळत होती. भाचीनं फडकं पिळलं, बाजूला ठेवलं.

"कुठे बोलणार होते मी, सांग ना. आईसमोर काढलं तर ती जेवत नाही. माझा भाऊ पुण्याहून फोन करतो, मी रिपोर्ट वाचून दाखवते, तो म्हणतो बघू काय करता येतं. नवऱ्याला रोज किती सांगायचं? बाबांच्या खोलीत जाताना चेहरा नीट करून जायचं. त्या स्कॅनच्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की कधी कधी वाटतं, बाबा लवकर सुटावेत. आत्या, मी असं लिहिलं. दोन मिनिटांत अकोल्याच्या एका माणसाचं उत्तर आलं की मलाही बायकोबद्दल असं वाटायचं, तुम्ही वाईट मुलगी नाही. तू मला असं म्हणाली असतीस?"

आत्यानं उत्तर द्यायला वेळ घेतला. "वॉर्डातल्या बाईला म्हणाले असते. तुला म्हणू शकले असते की नाही, माहीत नाही. तो माझा भाऊ आहे गं."

या दोघींच्या वादात सगळ्यात खरं बोलणं हेच झालं असावं. घरच्या माणसाला दुसऱ्या घरच्या माणसाचं ऐकून घेता येत नाही, कारण त्याचंही तिथे काहीतरी जात असतं. अकोल्याच्या माणसाचं या घरात काही जाणार नव्हतं. त्याला आईची समजूत काढायची नव्हती, वाटणीचा प्रश्न नव्हता, उद्या सकाळी तोंड दाखवायचं नव्हतं. त्यामुळे तो ते वाक्य झेलू शकला. आपल्याकडे निदान आधी नातेवाइकाला कळतं आणि रुग्णाला मागाहून, कधी कधी कळतही नाही. ते गुपित पोटात घेऊन वावरणाऱ्या माणसाला बोलायला जागा हवी, हे भाचीचं म्हणणं योग्यच आहे. पण रिपोर्टचा फोटो हा तिच्या दुःखाचा भाग नव्हता. तो वडिलांचा होता. "आज फार वाईट बातमी आली" एवढं लिहूनही अकोल्याच्या माणसानं तेच उत्तर दिलं असतं. इथे आत्याची बाजू जड आहे, आणि ग्रुपमध्ये सवयीनं फायली टाकणाऱ्या प्रत्येकानं तिचं ऐकायला हवं.

"दादाला कधी विचारलंस का?" आत्या म्हणाली. "आजाराचं सांगायचं नाही अजून. नुसतं विचारायचं, की तुम्हाला तब्येतीचं सगळं जाणून घ्यायचंय का, की आम्ही बघून घेऊ?"

वाईट बातमी सांगण्याची ही रीत वॉल्टर बेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये सहा पायऱ्यांत मांडली, आणि जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात ती आता शिकवली जाते. सांगण्यापूर्वी रुग्णाला किती ऐकायचंय ते त्यालाच विचारायचं, ही त्यातली एक पायरी. काही माणसं सगळं विचारतात. काही म्हणतात, मुलीला सांगा. दोन्ही उत्तरं त्यांची असतात, घरच्यांनी परस्पर ठरवलेली नसतात.

"ग्रुपमध्ये एकीनं अगदी असंच सांगितलं होतं," भाची म्हणाली.

"मग?"

"बाबा ‘हो, सगळं सांग’ म्हणाले तर? तेव्हा त्यांच्यासमोर मी एकटीच असणार. ग्रुप काही येऊन बसणार नाही."

"मी बसते. उद्या सकाळी अंघोळ झाल्यावर विचारू. वहिनीलाही तिथेच घेऊ, तिला बाहेर ठेवायचं नाही."

यावर वाद झाला नाही.

वाद झाला तो पुण्याच्या भावावरून. तोही ग्रुपमध्ये होता. रोज सकाळी हात जोडल्याचं चिन्ह टाकायचा, कोणाचे वडील गेले तर भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचा. आत्याच्या मते ग्रुपचा सर्वांत मोठा तोटा हाच होता. आपण बापाच्या दुखण्यात आहोत असं त्याला वाटत राहतं, आणि इथे रात्री दर दोन तासांनी उठून थुंकी साफ करणारी बहीणच असते. "पूर्वी न आलेला माणूस निदान मनातून खजील व्हायचा," ती म्हणाली. भाचीनं भावाची बाजू घेतली: त्याची नोकरी, त्याची लहान मुलं, दरमहा तो पाठवतो ते पैसे. तरी तिला हेही मान्य होतं की गेल्या महिन्यात सलग चार तास झोप तिला एकाही रात्री मिळाली नव्हती.

रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूचा धोका तसं सांभाळावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. तो अभ्यास कर्करोगापुरता नव्हता, पण त्यातला इशारा या स्वयंपाकघरालाही लागू होतो. धीराचे शब्द लांबून येऊ शकतात. थुंकीचं भांडं मात्र कोणीतरी उठूनच धुवावं लागतं.

आत्यानं तिथूनच पुण्याला फोन लावला. बोलणं लांबलं नाही. शनिवार-रविवारची रात्र भावाची, असं ठरलं.

दरम्यान जालन्याहून निरोप आला होता. नळी मोकळी झाली. भाचीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि सहज म्हणून गेली, "बरं झालं आज मुलाला सुट्टी आहे, नाहीतर फोन कुठला तिच्याकडे."

"म्हणजे?"

"फोन मुलाचा आहे. तो कॉलेजला घेऊन जातो. एरवी ती रात्रीच लिहू शकते."

आत्या एकदम सावरून बसली. इतका वेळ ती ग्रुपमध्ये असलेल्यांची काळजी करत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के. आकडे तेव्हापासून वाढले असतील. पण घरातला आजारी माणूस सांभाळणारी बाई बहुधा सर्वांत जुना फोन वापरणारी, नाहीतर दुसऱ्याच्या फोनची वाट बघणारी असते. ऑनलाइन आधाराचं कौतुक करणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं: ज्या घरात एकटेपणा सर्वांत जास्त, तिथे स्क्रीनच नाही.

"बटणांच्या फोनवर चारपाच जणांना एका वेळी जोडता येतं ना?" आत्यानं विचारलं.

"कॉन्फरन्स कॉल? येतो की. एकानं सगळ्यांना लावायचा. त्यांना नुसता उचलायचा."

"मग मी सांगलीहून लावीन. तुमच्या ग्रुपमधल्या लोकांना विचार, वॉर्डात त्यांच्या बाजूच्या खाटेवर कोण होतं, कोणाच्या बायकोकडे साधा फोन आहे. नंबर त्या बाईला विचारूनच द्यायचा. आणि एक नर्स बघ, निवृत्त झालेली चालेल. नळी, जखम, ताप या प्रश्नांना मी उत्तर देणार नाही. कोणाचं मन फारच खचलेलं दिसलं तर टेलिमानसचा १४४१६ आहे, तो नंबर लिहून द्यायचा, तोही मराठीत बोलतो."

"वेळ कोणती ठेवायची?"

"दुपारी दोन ते चारमधली. जेवणं उरकलेली असतात, पुरुषमाणसं घरात नसतात."

"चारला पेज असते सगळ्यांकडे."

"तर मग साडेतीनला संपवू. एका वेळी पाचजणींवर नको. आणि पहिल्या दिवशी आजाराचं काढायचंच नाही."

"मग बोलायचं कशावर?"

"झोपेवर," आत्या म्हणाली. "कोण किती झोपलं, ते आधी विचारायचं."